उंचसखल जुन्या जमिनीवर नव्या लाकडी फळ्या : कामाची वही

४ फेब्रुवारी

आज फक्त मोजणी. दोन खोल्या, मधे एक दार. बाहेरची खोली ४.८ बाय ३.६ मीटर, जमीन सिमेंटच्या कोब्याची. आतली ३.६ बाय ३, तुळयांवर ठोकलेल्या जुन्या फळ्यांची, खाली हातभर पोकळी. बाहेरची खोली घराला मागाहून जोडलेली आहे. बाकीचं घर खचायचं थांबल्यावर तिनं खचायला सुरुवात केली, असं एकूण दिसतं.

नुसतं पाहून काही कळत नाही. २ मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी आडवी टाकून मामांनी मागून टॉर्च धरला, तेव्हा पट्टीखालून उजेडाची अख्खी चंद्रकोर निघाली. मग लेसर लावला, खडूनं ५०-५० सेंटिमीटरचे चौकोन आखले आणि प्रत्येक कोपऱ्यावर उंची मिलिमीटरमध्ये जमिनीवरच लिहिली. सत्तरेक आकडे झाले. उभं राहून पाहिलं की नकाशा आपोआप दिसतो: दारापासून बाहेरच्या भिंतीकडे १४ मिमीचा एकसारखा उतार, मधोमध दोनेक मीटर लांबीरुंदीचा १० मिमी खोल हौद, आणि खिडकीखाली ४ मिमीचा उंचवटा.

मी लगेच हिशोबाला बसले. सगळी खोली एका पातळीत आणायची तर किती मसाला? १ चौरस मीटरवर १ मिमी थराला साधारण १.७ किलो भुकटी लागते. २५ किलोची दहा पोती तरी हवीत, आणि बाहेरच्या भिंतीपाशी जमीन १४ मिमीनं चढेल. तिथलं दार आत उघडतं.

मामा म्हणाले, "लेव्हल कशाला शोधतेस? सपाट शोध."

खरं आहे. फळ्यांच्या बॉक्सवर अट आहे ती २ मीटरला ३ मिमीची, म्हणजे सपाटीची. जमीन तिरकी असली तरी फळीला फरक पडत नाही, वाकडी असली की पडतो. तिरक्या पण सपाट जमिनीवर फळी सगळीकडून टेकते. हौदावर मात्र ती पुलासारखी पडते, पाऊल पडलं की खाली-वर होते, आणि रोजच्या त्या हालचालीनं सांध्याची जीभ झिजते किंवा तुटते. तेव्हा उतार राहू द्यायचा; हौद भरायचा, उंचवटा घासायचा. टेबलावरून पडलेली गोटी बाहेरच्या भिंतीकडे पळते, ती पुढेही पळेल.

आकड्यांचा फोटो काढून ठेवला.

८ फेब्रुवारी

परवा कोब्यावर तीन ठिकाणी ४५ सेंटिमीटरचे प्लास्टिकचे चौकोन चारही बाजूंनी टेप मारून चिकटवले होते. दोन कोरडे निघाले. बाहेरच्या भिंतीजवळच्या चौकोनाला आतून दव, आणि खालचा कोबा काळपट.

बाहेर जाऊन पाहिलं तर छपरावरून येणाऱ्या पाइपाचं शेवटचं कोपर निसटलेलं. सगळं पाणी भिंतीच्या पायाशी. किती दिवस ते देव जाणे. कोपर बसवलं, पाणी भिंतीपासून लांब काढलं.

प्लास्टिकची तपासणी "ओल आहे" एवढंच सांगते, किती ते नाही. म्हणून १० सेंटिमीटरच्या कोब्यात ४ सेंटिमीटर खोल भोक पाडून, साफ करून, नळी घालून बंद केलं. सिमेंट वरच्या एकाच बाजूनं वाळत असेल तर जाडीच्या ४० टक्के खोलीवरचा आकडा धरतात, कारण वरून बंद केल्यावर जी आर्द्रता अखेर सगळ्या जाडीत पसरते, ती त्या खोलीवर आधीच सापडते. वरवर कोरडा दिसणारा कोबा असाच फसवतो. एक दिवसानं आतली आर्द्रता वाचली: ८४ टक्के. बॉक्सवरची मर्यादा ७५.

म्हणजे बाहेरची खोली थांबणार. दारं-खिडक्या उघड्या, पंखा चालू. तोवर आतली.

१२ फेब्रुवारी

आतल्या खोलीत चालताना जमीन बोलते. खडूनं प्रत्येक आवाजावर फुली मारली: एकोणीस फुल्या. करकर बहुतेक वेळा खिळ्याची असते. फळी वाळून आकसली, खिळ्याभोवती सैल झाली, की पाऊल पडल्यावर ती खिळ्यावर वर-खाली घसरते. पुन्हा खिळे ठोकून उपयोग नाही, तेही सैल होतात. स्क्रू हवेत, आणि ते तुळईतच जायला हवेत. नुसत्या फळीत मारलेला स्क्रू काही धरत नाही.

भिंतीजवळच्या दोन फळ्या उचलल्या. मधली तुळई वर फुगलेली, साधारण ६ मिमी. भिंतीकडच्या दोन खाली बसलेल्या, ११ मिमीपर्यंत. फुगलेल्या तुळईवरच्या फळ्या काढून मामांनी रंध्यानं तिचा माथा उतरवला. बसलेल्या तुळया उचलायच्या भानगडीत ते पडले नाहीत. प्रत्येकीच्या अंगाला एक सरळ नवीन लाकूड लावलं, दोरीच्या रेषेत त्याचा माथा ठेवला आणि बोल्टनं जुन्या तुळईशी आवळलं. आता फळ्या नव्या लाकडावर टेकतात, जुनी तुळई नुसती सोबतीला.

"पाचर मारून चाललं नसतं का?" मी विचारलं.

"चालतं गं. दोन वर्षं चालतं. मग पाचर सरकते आणि तू मला फोन करतेस."

पोकळीत हात घातला तर हवा कोंदट. भिंतीतली हवेची दोन भोकं मागच्या रंगकामात बुजवलेली. ती मोकळी केली. ओलमापकानं जुन्या फळ्यांत १३ टक्के पाणी दाखवलं. नव्या फळ्या ८ वर असतात असं बॉक्स सांगतो. रुंद फळ्यांना खालच्या लाकडाशी २ टक्क्यांहून जास्त फरक नको. इतक्या ओल्या लाकडावर कोरडी फळी घातली तर ती खालून पाणी पिते, पोटाकडून फुगते आणि कडा वर उचलते.

१९ फेब्रुवारी

फळ्या परत बसवल्या, स्क्रू मारले. एकोणीस फुल्यांतल्या सतरा गप्प झाल्या. उरलेल्या दोन फळीवर फळी घासल्याच्या होत्या. फटीत मेणाची पूड घातल्यावर त्याही निवळल्या.

आता जुन्या फळ्यांच्या कडा. प्रत्येक फळी थोडी पन्हाळीसारखी झालेली, कडा वर आणि मध्य खाली. पट्टीखाली हे लाटालाटांनी दिसतं. घासायचं यंत्र आणलं. आधी प्रत्येक खिळ्याचं डोकं सुंभ्यानं लाकडात खोल मारायचं, हे मला माहीत होतं, मी केलंही, आणि कपाटाच्या जागेखालचे तीन विसरले. घासकागद टर्रकन फाटला, ठिणगी उडाली. भुशाच्या पिशवीशेजारी ठिणगी म्हणजे गंमत नाही. यंत्र बंद, पिशवी बाहेर, तीन खिळे खोल.

फळ्यांना तिरपं घासलं. सरळ घासलं तर यंत्र लाटांवरून वर-खाली होत जातं आणि लाटा तशाच राहतात. दुसऱ्या फेरीत कडा गेल्या.

(बाहेरच्या खोलीत जुन्या डांबरी टाइल असत्या तर त्यांना यंत्र लावलंच नसतं. जुन्या काळच्या तशा टाइलमध्ये आणि त्यांच्या काळ्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती धूळ उडवण्यापेक्षा तपासून घेणं बरं, नाहीतर वर थर घालून झाकणं.)

भोकातला आकडा: ७९.

२ मार्च

खिडकीखालचा उंचवटा ग्राइंडरनं काढला. धुळीच्या नळीसकट, तरी पापण्यांवर सिमेंट. मग कोबाभर हातोडीच्या दांड्यानं ठोकत फिरले. बहुतेक ठिकाणी घट्ट टक्, एका जागी मडक्यासारखा आवाज. वरचा थर सुटलेला होता, हातानं निघाला. त्यावर मसाला ओतला असता तर नवा थर जुन्या पापुद्र्यासकट उठला असता.

१० मार्च

७४. अखेर.

झाडून, व्हॅक्यूम करून प्रायमर. पहिला हात कोब्यानं पाहता पाहता पिऊन टाकला, म्हणून दुसरा. प्रायमर नसेल तर कोरडा कोबा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो, थर नीट पसरत नाही आणि बारीक हवेचे फुगे वर येऊन खड्डे पाडतात. भिंतीच्या कडेनं फोमची पट्टी लावली.

११ मार्च

हौद भरायचा दिवस. सेल्फ-लेव्हलिंग मसाल्याची दोन पोती. एका पोत्याला ५ लिटर पाणी, मोजूनच; मिसळल्यापासून हातात पंधरा मिनिटं. पहिलं पोतं झकास. मामा दुसरं आणायला बाहेर गेले आणि मी तोवर उरलेलं मिश्रण ढवळत बसले. ते घट्ट व्हायला लागलं होतं. मी अर्धा मग पाणी घातलं. पुन्हा छान सैल झालं, ओतलं, काटेरी रोलर फिरवला. वरून तुपासारखं तुळतुळीत.

१२ मार्च

दोन चुका, दोन्ही माझ्या.

पहिली पाण्याची. शेवटी ओतलेल्या भागावर खिळ्यानं रेघ मारली तर पांढरी पूड निघाली. शेजारी तोच खिळा नुसता घसरतो. जास्तीच्या पाण्यात जड कण तळाशी बसतात आणि वर दुबळी साय येते. तिच्यावर रोज चाललं की तिचं पीठ होणार. पट्टीची खरवडणी, मग ग्राइंडर, दीड तास.

दुसरी चूक जास्त अपमानास्पद, कारण तिच्यावर मी महिनाभर विचार केला होता. हौद भरला आणि त्यात पाणी जसं थांबेल तसाच मसाला थांबला: समपातळीत. पण भोवतालची जमीन उतरती आहे! मीटरला ३ मिमी उतार, दोन मीटरचा हौद, म्हणजे एका काठाशी सगळं जुळलं आणि दुसऱ्या काठाशी ५-६ मिमीची पायरी उभी राहिली. सपाट शोधायचं ठरवलं आणि लेव्हल शोधणारा मसाला ओतला. हा मसाला उतार मानत नाही, नावातच सांगतो.

मामांनी पट्टी टाकून पाहिली, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला.

१४ मार्च

उताराला घट्ट मसाला लागतो, थापीनं लावायचा, ओघळत नाही असा. उताराच्या रेषेत दोन सरळ पट्ट्या जमिनीवर ठेवल्या, खाली कागदाच्या घड्या घालून उंची जुळवली. मधे मसाला टाकला आणि लांब पट्टी दोन्हीवर टेकवून करवतीसारखी पुढे-मागे हलवत ओढली. जास्तीचा मसाला पट्टीपुढे लाटेसारखा गोळा होतो, कमी असेल तिथे मागे भोकं राहतात, तिथे थापीनं भर टाकायची आणि पुन्हा ओढायचं. काठाशी थर शून्यावर आणायचा. मार्गाच्या पट्ट्या काढल्यावर त्यांच्या चरा भरल्या.

दाराशी थोडा वेगळा हिशोब. आतल्या जुन्या फळ्या कोब्यापेक्षा ४ मिमी वर. दोन्हीकडे तोच २ मिमीचा अंडरले (फळ्यांखाली पसरायचा पातळ थर) आणि तीच १४ मिमीची फळी, म्हणजे ४ मिमी इथेच भरायला हवेत, आणि दारापासून मीटरभरात विरत न्यायला हवेत. बोटांनी चाचपून केलं. डोळ्यांपेक्षा तळहाताला मिलिमीटर लवकर कळतो.

२१ मार्च

जुन्या फळ्या १० टक्क्यांवर. खोलीची आर्द्रता ४८. फळ्यांचे बॉक्स चार दिवसांपासून आतल्या खोलीत आडवे, न फोडता.

भरीव लाकूड न घेता थरांच्या फळ्या का, हे अनेकदा विचारून झालंय. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं, आणि तेही चिरण्याच्या दिशेप्रमाणे. हिरव्यापासून पूर्ण वाळेपर्यंत सागवान एका दिशेत २.५ टक्के आकसतं, दुसऱ्या दिशेत ५.८. रेड ओक ४ आणि ८.६. थरांच्या फळीत एकाआड एक थर आडवे चिकटवलेले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. १९० मिमी रुंदीची फळी हवी आणि ओल पाहिलेला कोबाही आहे, तर मला हेच बरं वाटलं. गोंद नाही, खिळे नाहीत. क्लिकनं जोडलेली, जमिनीवर मोकळी पडलेली.

२३ मार्च

कोब्यावर आधी ०.२ मिमी जाड प्लास्टिक, सांध्यांवर २० सेंटिमीटर चढवून टेप, मग अंडरले. आतल्या खोलीत प्लास्टिक नाही: खालून लाकूड श्वास घेतं, प्लास्टिकनं ओल मधेच कोंडली असती.

३.६ मीटरमधून फळ्यांना फुगायला दोन्ही भिंतींशी १२-१२ मिमी सोडले तर ३५७६ मिमी उरतात. अठरा पूर्ण ओळी आणि १५६ मिमीची शेवटची. चांगली रुंदी. दोन बोटांची चिंधी उरली असती तर पहिली ओळच चिरून घ्यावी लागली असती.

भिंत सरळ नाही, अर्थातच. पहिली ओळ भिंतीला न धरता दोरीला धरली, आणि भिंतीचं पोट फळीच्या मागच्या कडेवर उतरवून कापलं. पहिली ओळ वाकडी गेली की अठराव्या ओळीपर्यंत ते वाकडेपण वाढत जातं. पाच बॉक्स एकदम फोडून फळ्या मिसळल्या, नाहीतर एका बॉक्सचा गडद पट्टा खोलीभर उठून दिसतो. शेजारच्या ओळींचे सांधे किमान ४० सेंटिमीटर लांब ठेवले.

सहा ओळी झाल्या. मी उभी राहून कौतुकानं चालले, आणि खिडकीशी: टक्.

२४ मार्च

रात्रभर तो टक् डोक्यात. सकाळी चार ओळी उलट्या क्रमानं उचलल्या, अंडरले बाजूला केला. २ मीटरची पट्टी टाकली: ३ मिमीच्या आत, नियमात. मग मामांनी खिशातली ३० सेंटिमीटरची फूटपट्टी काढली आणि तीच उभी धरली. तिच्या पोटाखालून २ मिमीची फट. ग्राइंडर एका जागी जास्त टेकला होता. लांब पट्टीला हा खड्डा दिसत नाही, फळीला मात्र जाणवतो.

तेव्हापासून दोन्ही पट्ट्यांनी तपासते. तळव्याएवढा मसाला, एक दिवस वाया.

२७ मार्च

बाहेरची खोली झाली. सुतारी हातोडा थेट फळीवर नाही, मधे ठोकळा; क्लिकच्या जिभेवर एकदा चुकून बसला आणि ती फळी तुकड्यांच्या ढिगात गेली. दाराच्या चौकटी खालून कापल्या: फळीचा तुकडा अंडरलेसकट उलटा ठेवायचा, त्यावर करवत आडवी टेकवून चालवायची. फळी चौकटीखाली सरकली की कडा झाकायला काही लागत नाही.

३० मार्च

आतली खोली. नव्या फळ्या जुन्या फळ्यांच्या आडव्या दिशेनं. एकाच दिशेनं घातल्या असत्या तर खालच्या प्रत्येक फटीची रेघ वर उमटली असती. एका दिवसात झालं. जमीन आधीच तयार होती.

दाराच्या बरोबर खाली दोन्ही खोल्यांच्या फळ्या तोडल्या, मधे फट ठेवून वर जोडपट्टी, ती फक्त एका बाजूला धरलेली. पट्टीच्या दोन्हीकडे नाणं ठेवून पाहिलं, ४ मिमीचा हिशोब जुळलाय.

१ एप्रिल

स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी फट झाकणारी पट्टी, भिंतीला ठोकलं, फळीला अजिबात नाही. जमीन १६ मिमीनं चढली, म्हणून मधलं दार उतरवून खालून १४ मिमी कापलं. त्याच्याखाली आधीच थोडी फट होती, म्हणून १४ पुरले. भरलेलं पुस्तकांचं कपाट आणि त्याच्या समोरचा जड पलंग एकाच ओळीवर येत होते. दोन्हीकडून दाबलेली जमीन हलू शकत नाही, म्हणून पलंग फिरवला.

पलंगाखाली दोन बॉक्स राखून ठेवले. मोजणीचा फोटो छापून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवला, कारण पुढच्या वेळी या फळ्या उचलणारी व्यक्ती बहुधा मीच असणार.

१८ जुलै

दमट हवेचे दिवस. खोलीत ६९ टक्के आर्द्रता. बाहेरच्या भिंतीशी स्कर्टिंगचा एक तुकडा काढून फट मोजली: १२ ची ९ झाली आहे. आतल्या खोलीत १०. दोन्हीकडे जागा आहे. कुठे कडा उचललेली नाही. बाहेरच्या भिंतीजवळ हात ठेवून पाहिला, गार पण कोरडं.

मधलं दार फुगून जोडपट्टीला घासतंय. रंध्यानं आणखी १ मिमी काढलं. मामा म्हणाले, "मी तेव्हाच १६ सांगितले होते." सांगितले नव्हते.

फटीची पुढची मोजणी कोरड्या हवेत, जानेवारीत.